कामात किती चेष्टा करता?

देवघरातलं निर्माल्य रोज काढलं नाही तर परडी भरून वाहू लागते. आमच्या घरी किश्शांचं तसंच झालंय. थोडे काढून ठेवते.

आमची सूनबाई मधुरा देवासची, शाळा सगळी हिंदीतली. मराठी बोलते अगदी मनापासून, पण शब्द हिंदीतून उचलते आणि मराठीत ठेवून देते. पीएच.डी.चा विषय घेतलाय सरकारी कचेऱ्यांतलं मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांची कामगिरी. मुलाखती घ्यायच्या त्या धारच्या ज्या कचेरीतून आमचे हे निवृत्त झाले, तिथेच. गाईड मॅडमनी दिलेली मुदतवाढ शेवटची होती. त्या मुदतीत मुलाखती झाल्या नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. मी सोळा सोमवार धरले.

*

पहिल्या दिवशी ती हेडक्लार्क सबनीसकाकांपुढे उभी राहिली. "काका, मी इथे शोध करायला आले."

काका लगेच टेबलाखाली वाकले. "काय हरवलं, बाळ? चावी की मोबाइल?"

"तसं नाही काका. कर्मचाऱ्यांवर शोध करायचाय."

काका खालूनच म्हणाले, "मग टपरीवर बघ. अकरापर्यंत सगळे तिथेच सापडतात."

*

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मधुराला ठाऊक. मराठीत चेष्टा म्हणजे काय, हे काकांना ठाऊक. मुलाखतीतला पहिलाच प्रश्न आला, "काका, खरं सांगा, तुम्ही कामात किती चेष्टा करता? कमी, मध्यम की भरपूर?"

काका दुखावले. "मी जन्मात कुणाची चेष्टा केली नाही गं. चेष्टा करतो तो समोरचा तिवारी. त्याच्या नावापुढे लिही, भरपूर."

तिवारीजींना एवढं मराठी कळतं. ते इकडचेच, भैयाला भिया म्हणणारे. ते उठून आले आणि त्यांनी काकांचे हात धरले. "धन्यवाद, भिया. इतने साल में पहली बार किसी ने माना."

*

आमच्या वन्सं साताऱ्याला दिलेल्या. माहेरपणाला आल्या होत्या, म्हणून मधुराचा डबा द्यायला माझ्याबरोबर कचेरीत आल्या. एका दारावर पाटी होती, 'समाधान कक्ष'. तिथे लोकांच्या तक्रारी सोडवतात. मी डबा देऊन येते तर वन्सं गायब. दाराबाहेर त्यांच्या चपला, आत त्या डोळे मिटून जप करत बसलेल्या.

बाबूने विचारलं, "माताजी, तकलीफ क्या है?"

"काही नाही."

"तो यहाँ क्यों बैठी हैं?"

"बरं वाटतंय इथे."

बाबू शेजारच्याला म्हणाला, "देख, अपने यहाँ से भी कोई खुश होकर जा रहा है."

*

घरी सरावासाठी ती मलाच प्रश्न विचारायची. "आई, तुम्ही एवढी व्रतं करता. वर सुपरवायझर कोण?"

"बाळकृष्ण."

"इन्क्रिमेंट?"

"दर उद्यापनाला जेवणारे वाढतात."

तिने थोडा विचार केला. "आणि प्रमोशन?"

"त्याची घाई नाही," मी म्हटलं.

*

मग ऐन रंगात घोटाळा झाला. कूलरचं तोंड कुणाकडे ठेवायचं, यावरून काका आणि तिवारीजी बोलेनासे झाले. अर्धी कचेरी काकांच्या बाजूला, अर्धी तिवारीजींच्या. कुणी मुलाखतीला बसेना. मधुराचा जीव टांगणीला लागला. मध्यस्थी करायला ती काकांकडे गेली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, माझ्यासाठी तुम्ही राजीनामा करून टाका ना."

काका पांढरेफटक. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली.

तिकडे तिवारीजींच्या कानावर हे गेलं. त्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट. ते जिलबीचा पुडा घेऊनच हजर झाले. "सुना आप राजीनामा कर रहे हो, भिया. मुँह मीठा करो."

काका तडक घरी. दुसऱ्या दिवशी सबनीसवहिनी माझ्याकडे आल्या. "तुमच्या सुनेचं यांनी काय वाकडं केलंय? आणि तो मेला तिवारी पेढे काय वाटतो?"

"जिलबी होती," मी म्हटलं.

सोमवारचा प्रसाद घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि शब्दाची फोड करून सांगितली. काकांनी प्रसाद तोंडात टाकला. मग म्हणाले, "वहिनी, जिलबी उरलीय का विचारा."

कूलर मधोमध आला. मुलाखती झाल्या.

*

तोंडी परीक्षेला घरच्यांना मागे बसू देतात. मी अंगारा पदराला बांधून बसले. समोर गाईड मॅडम आणि त्यांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक, नागपूरचे, गंभीर चेहऱ्याचे. मराठी माणूस म्हटल्यावर मधुराने ठरवलं, यांच्याशी शुद्ध मराठीतच बोलायचं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

शेवटी सरांनी विचारलं, "इतका काळ सरकारी कचेऱ्यांत घालवलात. तुम्हाला स्वतःला काय मिळालं?"

मधुरा हात जोडून म्हणाली, "सर, मला खूप शिक्षा मिळाली."

सरांनी चष्मा काढला. "किती वर्षांची?"

"पाच वर्षांची, सर. मॅडमच्याच कृपेने."

सरांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, आणि सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

"वागणूक चांगली दिसतेय," ते म्हणाले. "सोडून देऊ या."