पाटीमागची कप्तानबाई

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं मी आलापल्लीत केबलच्या खोलीत बसून जपानी कार्टूनमधल्या एका बाईची लाज राखत होते. आज हे वाक्य लिहिताना मलाच हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं, कारण ते माझं काम होतं. काम गेलं असतं तर राहती खोलीही गेली असती. दोन्ही एकाच माणसाने दिलेलं होतं.

मी मूळची संगमेश्वरकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा आरागिरणीत करवतीच्या पात्यांना धार लावणारा कारागीर. सागवानाच्या मागे मागे जात आम्ही राज्याच्या या टोकाला येऊन पोचलो. माहेरी जायचं तर दोन दिवस मोडायचे. नळावर मी "मला पाणी भरू दे" म्हटलं की बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "‘मले’ नाई, ‘मला’ म्हणते जी! पेपर वाचून राह्यली काय?"

ज्यांच्या अंगणातल्या खोलीत आम्ही राहायचो त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावातलं केबलही त्यांचंच. सगळा गाव त्यांना भाई म्हणायचा. दुकान सांभाळून वर माडीवरच्या केबलच्या खोलीत बसणं त्यांना जमेना, म्हणून एक दिवस त्यांनी मला विचारलं, "भाभी, शिकल्या किती?"

"सातवी."

"अक्षर कसं आहे?"

"बरं आहे."

"मंग झालं. बाकी सब बटन आहे."

मला कुणी कामाला ठेवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी भाईंच्या आईच्या पाया पडले. त्या गोंधळून गेल्या. त्यांच्यात तशी पद्धत नव्हती.

काम असं. रोज चार ते सहा भाईंचं स्वतःचं चॅनल चालायचं. एका खटक्याने सीडी लागायची. दुसरा खटका दाबला की सीडीचं चित्र जाऊन स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं चित्र यायचं, आणि त्या कॅमेऱ्यासमोर मी लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी असायची. हरवलेली शेळी, उद्या वीज बंद, तेंदूपत्त्याचं संकलन सुरू, कुणाच्या लेकीचं लग्न, सगळं त्या पाट्यांवर. लोक सिनेमा जेवढ्या मन लावून बघायचे, तेवढ्याच मन लावून पाट्याही वाचायचे.

मग एका खेपेला भाईंनी नागपुरातून जपानी कार्टूनच्या सीड्यांचं बोचकं आणलं. बोली जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. म्हणजे मला दोन्ही बंद. तरी पहिल्याच दिवशी मी खुर्चीवर पुढे सरकून बसले. आकाशात चालणारं एक जहाज आणि त्याची कप्तान एक बाई, चांगली तिशीतली, केस आखूड, गालावर जुना व्रण. ती बोलली की पुरुष धावायचे. पाऊस असा काढलेला की लाकडावर पडणारा थेंब वेगळा आणि कापडावर पडणारा वेगळा. हे कुणीतरी हाताने काढलंय, एकेक थेंब बसून, या विचारानेच मला नवल वाटत राहायचं.

आणि मधेच ते यायचं. जहाज बुडायला आलंय, माणसं ओरडतायत, कप्तानबाई शिडीवर चढतेय, आणि चित्र तिचा चेहरा सोडून पायांपासून सावकाश वर चढायला लागायचं. किंवा लढाईत समोरच्याचा सदरा तसाच राहायचा आणि हिचाच बरोबर फाटायचा. एक अख्खा भाग तर गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीचा होता, नुसती वाफच वाफ. गोष्टीला त्याचं काही काम नव्हतं. कीर्तनकाराने मधेच थांबून डोळा मारावा, तसं काहीतरी ते वाटायचं.

पहिल्या दिवशी ते लागलं आणि खालच्या दुकानात फोन वाजायला लागले. भाई जिना चढून वर आले. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाले, "भाभी, असं काही आलं का पाटी टाकत जा. घरोघरी माय-बहिनी बसलेल्या असतात."

तेव्हापासून मी सकाळी सीडी आधी बघून घ्यायचे, मिनिटं कागदावर टिपायचे आणि संध्याकाळी नेमक्या क्षणी खटका दाबायचे. पाटी ठरलेली: बाजारातल्या साडीच्या दुकानाची. ती सगळ्यात मोठी होती, वर मी चार रंगांत मोर काढला होता, आणि तिला वेळेचं बंधन नव्हतं. साडीवाले शेठ आधी खूश होते. दिवसाला एकदा लागणारी जाहिरात चार-पाचदा लागत होती.

पाटी म्हणजे झाकण, ही खूण पटायला गावाला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. एका दुपारी शेठ तणतणत दुकानात आले. मी जिन्यातून ऐकत होते.

"भाई, बंद करा माझी पाटी! बस स्टँडवर पोट्टे मले विचारतात, शेठ, आज तुमची साडी चार खेपा आली, लयच भारी पिक्चर होता वाटते! आन माही बायको म्हणते, तुमची जाहिरात लागली का शेजारचे शिट्ट्या काऊन मारतात?"

भाईंना हसू आवरेना, पण त्यांनी शेठची पाटी काढून दिली. मला म्हणाले, "आता कोनाची नको. सरकारी सूचनाच टाकत जा. त्याच्यावर कोन हसते?"

लोक त्याच्यावरही हसले. आणि आता चेष्टा जाहिरातीवरून माणसावर आली. नळावर मी पोचले की बोलणं थांबायचं. एकदा थांबायच्या आधीच कानावर आलं, "वरती कोन बसते? ते कोकनातली. झाकाले आधी पाहा लागते न वो! ते तं सगळंच पाहाते." आरागिरणीतही कुणी तसंच बोललं असावं. नवरा घरी येऊन एवढंच म्हणाला, "सांभाळून." त्या एका शब्दाने मला जेवण गेलं नाही. उद्या भाईंनाच या बोलण्याची लाज वाटली तर? त्यांनी "भाभी, राहू द्या" म्हटलं, की आम्ही दोन ट्रंका घेऊन रस्त्यावर.

हे मी बोलू शकायचे ती एकाच व्यक्तीजवळ. अंगणातल्या दुसऱ्या खोलीत दवाखान्यातल्या सिस्टर राहायच्या. चिमूरकडच्या, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरात पहिली पुस्तकं आली, असं अभिमानाने सांगायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण इंग्रजी येणाऱ्या. सकाळची ड्युटी नसली की माझ्याबरोबर सीडी बघायला बसायच्या आणि खालची अक्षरं वाचून दाखवायच्या. त्यांच्यामुळे मला कळलं की कप्तानबाईचा भाऊ त्याच समुद्रात बुडालेला आहे.

फाटक्या सदऱ्याचं दृश्य आलं की मी सवयीने मान खाली घालायचे. सिस्टर मात्र टक लावून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, बघा न. बरगडीले मार लागला हिच्या. बाकी सगळं दाखवून राह्यले, पण पट्टी कशी बांधली पाहा! अशी पट्टी बांधली तं बाई श्वास कसा घेईन?"

"तुम्हाला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"मले राग येते. इतकी हुशार बाई काढली आन मंग तिच्यावरच विश्वास नाई ठेवला."

हे मला नवीन होतं. लाज आणि मजा यांच्या पलीकडे त्या चित्राकडे बघण्याची तिसरी काही रीत असू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मी मिनिटं टिपताना जास्त बारकाईने बघू लागले. काढणारा तोच, मग पाऊस काढताना त्याचा हात जसा चालतो तसा इथे का चालत नाही? इथे तो पडद्यापलीकडे बसलेल्या कुणाकडे तरी बघत बघत काढतोय, असं वाटायचं. कुणाकडे? आमच्या बस स्टँडवरच्या पोरांकडे तर नक्कीच नाही. त्यांची त्याला काय माहिती? पण पोरांना मात्र वाटायचं की हे आपल्याचसाठी आहे.

याला फॅन सर्व्हिस म्हणतात, हे पुढे पाच-सहा वर्षांनी सिस्टरांनी चंद्रपुरातल्या सायबर कॅफेत वाचून मला सांगितलं. चाहत्यांना खूश करायला मुद्दाम घातलेली चित्रं. आणि जगभरचे चाहतेच त्यावर भांडत होते म्हणे: कुणाला हवं, कुणी म्हणतं एवढ्यासाठी गोष्ट बिघडवू नका, कुणी म्हणतं आधी मलाही आवडायचं, आता नको वाटतं. ही सगळी भांडणं आमच्या माडीवर आधीच होऊन गेली होती. नाव तेवढं माहीत नव्हतं.

ती झाली ती एका अस्वलामुळे.

मोहफुलं गळायचे दिवस होते. बायका पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात जायच्या. एका दुपारी वनखात्याचा गार्ड चिठ्ठी देऊन गेला: नाल्यापलीकडच्या मोहाखाली दोन दिवस अस्वल येतंय, पहाटे कुणी जाऊ नये. मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, खाली लाल रेघ मारली, आणि जास्तीत जास्त लोकांना दिसावी म्हणून नेमकी कार्टूनच्या मध्यावर लावली. चांगली पाच मिनिटं ठेवली.

खाली फोन वाजायला लागले. दुकानातून भाईंचा आवाज आला, "भाभी, लोक म्हणून राह्यले, येवढं लंबं काय झाकलं?" मी वरून ओरडले, "झाकलं नाही हो, खरंच अस्वल आहे!" भाईंनी फोनवर तेच सांगितलं. पलीकडचा माणूस आणखी जोरात हसला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. नाल्यापलीकडे मोह वेचणाऱ्या एका बाईसमोर अस्वल उभं राहिलं. टोपली त्याच्या अंगावर फेकून ती पळाली, दगडांत पडली, हात सोलला, वाचली. सिस्टरांनीच तिला दवाखान्यात मलमपट्टी केली. पाटी बघूनही ती गेली होती.

मी माडीची किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि भाईंना द्यायला दुकानात गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते: चूक माझी आहे, फक्त खोलीचं एवढं महिनाअखेर बघा. दुकानात पोचले तर ती बाईच तिथे उभी. पन्नाशीची, काटक, हाताला पांढरी पट्टी, मागे सिस्टर.

"तूच काय वं ते पाटीवाली?"

"हो."

"आमच्या घरी पाटी दिसली तं सगळे हासले. म्या म्हटलं, आता काय उघडं पडलं कप्तानीचं? आन सकाळी पाह्यलं तं खरंच अस्वल! आता मले दाखव, काय झाकत होतीस ते. जीव जात होता माहा त्याच्यापायी."

मी तिला वर नेलं. कालची सीडी लावली. पाटीमागच्या त्या पाच मिनिटांत कप्तानबाई मांडी घालून भात खात होती. बाई बघत राहिली आणि पोट धरून हसायला लागली. मग म्हणाली, "हे नाई, दुसरं दाखव. जे खरं झाकलं ते."

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी शिडी लावली, फाटका सदरा लावला, वाफेचं कुंड लावलं. तोवर भाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. एक डोळा पडद्यावर, एक जमिनीवर.

"इतकुसं?" बाई म्हणाली. "याच्यापायी?" मग पडद्याजवळ जाऊन तिने नीट बघितलं. "आमी मोह वेचाले जातो तं अंगभर लेवून जातो, मुंगळे चावतात. हे बाई तलवारीसमोर अशी चालली! हिले जहाजावर कोनी सांगतलं नाई काय?"

सिस्टर म्हणाल्या, "काढणाऱ्यानं सांगू नाई देल्लं."

"मंग काढनाराच बुद्दू आहे." आणि जाता जाता तिने भाईंना सुनावलं, "भाई, लोकायले बुद्दू नोका समजू. पाटी खबरीची ठेवा. बाकी आमी पाहून घेऊ."

ती गेल्यावर मी पदराची गाठ सोडून किल्ली पुढे केली. भाईंनी ती घेतली नाही. "भाभी, झाकाले म्या सांगतलं होतं. गलती माही आहे. अस्वलाची पाटी तं तुमी बराबर लिवली." मला रडू आलं, ते दिसू नये म्हणून मी सीड्या रचायला लागले.

त्या दिवसापासून पाटी फक्त खबरीची झाली. कार्टून जसंच्या तसं लागू लागलं. आठवडाभर घराघरांतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग त्या कमी झाल्या. बस स्टँडवरची पोरं फोन करायची ती आता पुढची गोष्ट विचारायला. शिडीचं दृश्य आलं की नळावरच्या बायका म्हणायच्या, "लागलं पाहा त्याचं रिकामं काम," आणि पाणी आणायला उठायच्या. सगळ्यांचंच मत पालटलं असं नाही. दोन घरांनी त्या वेळेला टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, आणि मला त्यांचंही चुकलं असं वाटत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की झाकलं होतं तोवर सगळा गाव त्याच एका जागेकडे बघत होता.

पावसाळ्याआधी भाई नागपूरहून नवं बोचकं घेऊन आले. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुमी पाहा आन सांगा, यातलं काय लावाचं."

"मी सांगू?"

"मंग कोन? तुमीच तं सगळं पाह्यलं."

नळावर ऐकलेलंच वाक्य होतं, पण भाईंच्या तोंडून ते वेगळं वाटलं. माझ्या पसंतीवर कुणी काही ठरवेल, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी दोन दिवस बसून सगळ्या सीड्या बघितल्या. शेवटी बाकी सगळ्या ठेवल्या आणि एक बाजूला काढली.

"यात ते जास्त आहे काय?" भाईंनी हळूच विचारलं.

"आहे. पण त्यासाठी नाही," मी म्हटलं. "यात सात बायका आहेत, भाई, आणि एकीलाही काही काम दिलेलं नाही."

भाईंनी माझ्याकडे बघितलं, सीडी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत द्यायच्या पिशवीत टाकली.