देवमाशांपायी निघालेली भित्री बोट

धाडसाचे किस्से फार साठत नाहीत. एकदा सांगितले की संपतात. घाबरल्याचे मात्र साठतच जातात, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची कशी टरकली होती तेच सांगायचं असतं! आमची बोटीवरची मंडळी आयर्लंडमधे, डोनेगलला, बोटमालकीण फिनुलाच्या स्वयंपाकघरात जमली की हेच चालतं. चहा होतो, ब्राउन ब्रेड होतो, आणि मग कोणीतरी सुरू करतं, "मंजिरी, तू त्या दिवशी कसली पांढरीफटक पडली होतीस!" अहो, मी चांगली सावळी आहे. पांढरं पडणं मला जमतच नाही. पण चालू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधे फेरो नावाची बेटं आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या देवमाशांची शिकार चालते. पायलट व्हेल म्हणतात त्यांची. काळे, गोल डोक्याचे, कळपाने राहणारे. कळप दिसला की गावच्या होड्या अर्धगोल धरतात, त्याला हाकत हाकत खाडीत आणतात आणि किनाऱ्यावर कापतात. मांस गावात वाटलं जातं. ते थांबवायला आमची बोट गेली होती.

म्हणजे बाकीचे ते थांबवायला गेले होते. मी माझ्या भावाला थांबवायला गेले होते!

*

निखिल, म्हणजे निख्या, माझा धाकटा भाऊ. तो गॅलवेला मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये इंजिनीअर, मी लेटरकेनीला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. शनिवारी गाडी काढायचा आणि माझ्याकडे आमटीभात हाणायला यायचा. अशाच एका शनिवारी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो, तर वाळूत गर्दी. एक पायलट व्हेल येऊन अडकला होता. माणसं बादल्यांनी पाणी ओतत होती, ओल्या चादरी टाकत होती.

निख्या सरळ त्याच्या डोक्यापाशी जाऊन बसला. अंगावर हात ठेवून. लोक मला त्यांच्या आयरिश ढंगात विचारायला लागले, "युअर मॅन, हा बुवा कोण? वाइल्डलाइफवाला आहे का?" मी म्हटलं, नाही हो, तो कॅथेटर बनवतो.

संध्याकाळी तो मासा गेला. घरी आल्यावर निख्याने हात धुतले आणि म्हणाला, "ताई, तो आवाज करत होता. आणि बाहेर पाण्यातून बाकीचे त्याला उत्तर देत होते."

मी पान वाढलं. त्याने हातही लावला नाही. निख्या आमटीभाताला नाही म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं, हा आता काहीतरी करणार.

*

त्या दिवशी बादल्या पुरवणारी बाई म्हणजे फिनुला. घराणं मासेमारीचं, वय आजीचं, मनगट पहिलवानाचं. स्वतःची जुनी मासेमारीची बोट घेऊन ती फेरोला निषेधाला जायची. निख्याने तिच्या बोटीवर जायला स्वतःचं नाव दिलंय हे कळल्यावर मी तिला झापायलाच गेले.

"बोट सेफ आहे का?" मी विचारलं.

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे आयरिश लोकांचं 'मस्त'.

"इंजिन?"

"ग्रँड."

"तिकडचं हवामान?"

"अगदी ग्रँड."

"आजवर कोणी पाण्यात पडलंय?"

तिने जरा विचार केला. "तीही माणसं आता ग्रँड आहेत," ती म्हणाली. आणि मग चहा ओतता ओतता, "आमच्याकडे डॉक्टर नाहीये, बघ."

झालं! भावाचं नाव कापायला गेलेली मी, स्वतःचं घालून परत आले. वर्षभराची रजा त्यात घातली.

आईला नाशिकला फोन करून सांगितलं, आम्ही दोघं क्रूझला चाललोय. आई म्हणाली, "निख्याला सांभाळ गं. तो कायम कडेला जाऊन उभा राहतो." मग म्हणाली, "तुला अजून पोहता येत नाही ना? मग तू मधे बस."

एवढंच काम होतं मला. मधे बसायचं आणि निख्याला परत आणायचं.

*

जाताना स्कॉटलंड मागे पडलं आणि समुद्राने आम्हाला धरलं. तसलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. लाट समोरून येत नव्हती, वरून येत होती. मी टेबलाखाली बादली मिठीत घेऊन बसले होते. आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

इंजिनाचा आवाज किती चांगला असतो ते तो थांबल्यावर कळतं. बोट आडवी व्हायला लागली. कपाटातल्या, म्हणजे आयरिश इंग्रजीत 'प्रेस'मधल्या, बशा एकेक करून खाली आल्या. मला वाटलं, संपलं. देवाचं एकही स्तोत्र धड आठवेना. जीभ आपोआप शाळेत गेली आणि मी मोठमोठ्याने सतराचा पाढा म्हणायला लागले.

आमचा मेकॅनिक डेक्लन इंजिनरूममधून वर आला होता, कुठलातरी पाना शोधायला. माझा आवाज ऐकून तो थबकला. डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली आणि उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, दाराला घट्ट धरून, डोळे मिटून! मी सतरा दाहेला पोचले तेव्हा तो गंभीरपणे "आमेन" म्हणाला, खाली गेला आणि इंजिन सुरू केलं.

तेव्हापासून वारा वाढला की तोच यायचा. "डॉक्टर, ती तुमची प्रार्थना होऊन जाऊ दे."

परतीच्या वाटेवर तर मला एकोणतिसाचा म्हणावा लागला!

*

फेरोला जायला आयरिश माणसाला पासपोर्ट पुरतो. आपल्याला व्हिसा, आणि तोही वेगळा, कारण डेन्मार्कचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. रांगेत उभं राहून, व्हिसा काढून मग निषेध करायला जाणारी जात आपलीच! वर आमचे दोघांचे आयरिश सिटिझनशिपचे अर्ज आत पडलेले. एक अटक झाली असती तर बॅगा भरायच्या.

बंदरात अधिकारी आला. निख्याचा पासपोर्ट उघडला. "कशासाठी आलात?"

"टूरिझम," निख्या म्हणाला.

अधिकाऱ्याने मान वळवून आमची बोट बघितली. तिच्या अख्ख्या कुशीवर फिनुलाने देवमासा रंगवलेला, शेपटीसकट. "असं होय," तो म्हणाला. "काय काय बघणार?"

मी मधेच तोंड घातलं. "पक्षी," मी म्हणाले.

त्याने शांतपणे पासपोर्ट परत दिले. "पक्षी वर असतात, मॅडम," तो म्हणाला. "तेव्हा पाण्यात कोणी उतरू नका."

*

दुसऱ्या दिवशी बोटीवर ठकठक झाली. बाहेर उंच, पिकल्या दाढीचा माणूस. नाव हानुस. त्या खाडीतल्या शिकारीचा म्होरक्या, होड्यांना हुकूम देणारा. आम्ही सगळे एकमेकांना चिकटून उभे. तो म्हणाला, "कॉफी प्यायला या."

"विष घालेल," डेक्लन कुजबुजला.

"तो शेजारधर्म पाळतोय, चला," फिनुला म्हणाली आणि पुढे झाली.

बायकोने केक केला होता. टेबलाच्या मधोमध बशीत वाळवलेलं काळं मांस आणि पांढरी चरबी. हानुस म्हणाला, "ज्यासाठी आलात ते हे. निदान बघून तरी घ्या." मी सांगितलं, मी शाकाहारी आहे. "मासेसुद्धा नाही?" नाही. त्याने मला केकचा दुसरा तुकडा वाढला.

मग डेक्लनकडे वळला. "आणि तुम्ही?"

सकाळीच बोटभर बेकन तळल्याचा वास सुटला होता. डेक्लन खिडकीबाहेर बघायला लागला.

निघताना हानुसने निख्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला शिव्या दे, फोटो काढ, काय करायचं ते कर. पण पाण्यात उडी मारू नको. हे पाणी पटकन मारतं." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. निख्या हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. फक्त केकबद्दल थँक्यू म्हणाला.

रात्रभर मला झोप नाही.

*

आता शेवटचा. हा सांगायची वेळ आली की फिनुलाच्या घरी कोणी कपसुद्धा वाजवत नाही.

सकाळी धुकं होतं. भोंगे वाजले आणि गावातून माणसं धावत सुटली. कळप आला होता. आम्ही रबरी बोटीत उतरलो. फिनुला मोटरवर, मी मधे, निख्या कडेला. समोर होड्यांचा अर्धगोल, मधोमध हानुसची होडी, एका टोकाला पोलिसांची बोट. फिनुलाने आम्हाला होड्यांच्या पुढे नेलं, कळप आणि किनारा यांच्या मधे.

आधी दिसलं काहीच नाही. फक्त श्वास ऐकू आले. आजूबाजूला, अगदी हाताच्या अंतरावर, मोठमोठे ओले श्वास. मग काळ्या पाठी. त्यांच्यात पिल्लंही होती, आईला बिलगून चाललेली. मागून माणसं होड्यांवर काठ्या आपटत होती, आरोळ्या देत होती. मला भयंकर भीती वाटत होती, आणि खरं सांगते, भीती कोणाची ते कळत नव्हतं. पाण्याची, माशांची की माणसांची.

"ताई," निख्या म्हणाला, "तोच आवाज."

मी त्याची कॉलर पकडली. "निख्या, आईला मी काय सांगू? बोल ना, काय सांगू?"

त्याने माझा हात हळूच सोडवला. आणि उडी मारली.

त्याला पोहायला येतं, चांगलं येतं. पण अंगात होता तो पाणी आत न येऊ देणारा जाड ड्रायसूट, त्याला पुरुषांच्या सोयीची एक चेन असते. साहेब थोड्या वेळापूर्वी आडोशाला जाऊन आले होते आणि चेन लावायची राहिली होती! सूटमध्ये पाणी भरलं. तो वर आला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली गेला. पुन्हा वर आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

फिनुलाला मोटर चालवता येईना. पंख्याच्या आसपास मासे होते आणि त्यांच्यातच कुठेतरी निख्या. मी दोन्ही हात पाण्यात घालून नुसती चाचपडत होते. ओरडत होते. काय ओरडले ते मला आठवत नाही. फिनुला म्हणते, शब्द नव्हतेच.

धुक्यातून हानुसची होडी आली. सरळ आमच्यावर. त्याच्या हातात गोल टोकाचा आकडा होता, देवमाशांना ओढायचा. तो त्याने पाण्यात घातला, निख्याच्या सूटचा पट्टा अडकवला आणि त्याला पोतं उचलावं तसं आत घेतलं.

अर्धगोलाच्या मधोमध आता होडी नव्हती. एक मासा वळला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळा कळप वळला आणि त्या मोकळ्या जागेतून बाहेर, धुक्यात निघून गेला. होड्यांनी पुन्हा रांग धरायचा प्रयत्न केला, पण काही दिसत नव्हतं. भोंगा वाजला. शिकार रद्द.

धक्क्यावर निख्या हानुसच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला बसला होता. ओठ निळे, पण मी शिव्या घातल्या की मान हलवत होता. मी त्याची नाडी धरली. एवढ्या वर्षांची डॉक्टर मी, पण तीनदा मोजली आणि तीनदा वेगळा आकडा आला. पोलिसांनी पासपोर्ट घेतले, सांगितलं, उद्या बेट सोडायचं. मी होहो म्हणत होते.

तेवढ्यात बाकीच्या होड्यांवरची माणसं आली आणि हानुसवर तुटून पडली. तोंडाने, पण अशी की मला वाटलं आता मारतात. तो दोरी गुंडाळत राहिला. मान वर न करता एकच वाक्य बोलला. सगळे एकेक करून निघून गेले.

मी शेजारच्या तरुण पोलिसाला विचारलं, "काय झालं?"

"ते म्हणतात, तुमच्या भावाला हानुसपेक्षा आमची पोलिसांची बोट जवळ होती. आम्ही निघालोच होतो, आम्ही त्याला काढला असता. मधली होडी हलली की कळप गेला, हे इथे शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि हा तर म्होरक्या. मग हा का हलला?"

"आणि तो काय म्हणाला?"

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणाला, त्याची बहीण ओरडत होती."