ताई पाण्यापर्यंत गेली

समुद्रावर गेलो की माझी थोरली बहीण रस्त्याच्या कठड्यापाशीच थांबायची. तिच्या खुर्चीची चाकं वाळूत रुतायची. घरात सगळे म्हणायचे, तिला पाण्याची आवडच नाही.

यंदा गावाने थेट पाण्यापर्यंत जाड चटया अंथरल्या होत्या. मी खुर्ची ढकलायला गेले, तर ताई म्हणाली, "सोड, माझी मी जाते." आणि हातांनी चाकं फिरवत एकटीच निघाली.

चटई संपली तिथे लाट आली आणि तिच्या गुडघ्यांवर फुटली. ताई आनंदाने केवढ्यांदा ओरडली! आवड होतीच की. नव्हती ती फक्त वाट.

चिंब भिजलेली ताई मागे वळून हसली. "अगं, लांब काय उभी राहिलीस? ये की पुढे!"