रोवणीची सुट्टी

आमच्या गावची लायब्ररी मी चालवते. चालवते म्हणजे काय, सकाळी दार उघडते, झाडते, पेपर मांडते, पुस्तकं देते-घेते आणि संध्याकाळी कुलूप लावते. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचं जे काही शिकले ते या खोलीतल्या कपाटांतून, त्यामुळे पुस्तक कितीही जाड असो, मला भीती वाटली नाही. संगणकाचीही वाटत नाही, खरं सांगते. राग येतो.

यंदा उन्हाळ्यात हुकूम आला, की आता सगळी देवघेव वेबसाइटवर करायची. प्रशिक्षण गोंदियाला. अर्जुनी मोरगावहून सकाळची गाडी धरून गेले. शिकवणाऱ्या मॅडम गोड होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या, पण मी त्या पडद्यावरचा बाण शोधेपर्यंत त्या दोन पानं पुढे. "यहाँ क्लिक कीजिए, अब सेव्ह. हो गया?" सगळे म्हणाले, हो गया. मीही म्हणाले. काय झालं होतं ते देव जाणे.

गावी आल्यावर खरा तमाशा सुरू झाला. नेट फक्त खिडकीपाशी लागतं म्हणून टेबल तिकडे ओढलं, तर पाऊस आत. पासवर्ड म्हणे सारखा बदला आणि जुना परत वापरू नका. मुलांची नावं संपली, नातवंडांची संपली, आता म्हशीवर आले आहे. ओटीपी येतो लायब्ररीच्या अध्यक्षांच्या मोबाईलवर आणि अध्यक्ष असतात बांधीत, धानाच्या चिखलात. फोन केला की म्हणतात, "काकू, हात भरले आहेत, जराशानं सांगतो." जराशानं तो ओटीपी मेलेला असतो.

हेही सोसलं असतं मी. पण त्या संगणकाला रोवणी म्हणजे काय तेच ठाऊक नाही, आणि तिथं माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की बाया उजाडता बांधीत उतरतात आणि अंधार पडता घरी येतात. लायब्ररीचं दार उघडं असतं त्या वेळेत त्या कमरेत वाकलेल्या असतात. म्हणून आमची एक रीत आहे. रोवणीच्या तोंडावर ज्या त्या बाईनं आपल्याला हवं ते पुस्तक न्यायचं, खताच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेवायचं, पावसानं काम अडलं की वाचायचं, आणि रोवणी आटोपली की आणून द्यायचं. मधल्या काळात मी कुणाला पुस्तक मागत नाही. गंमत म्हणजे एवढ्या चिखलपाण्यात पुस्तकं नीट परत येतात.

यंदाही दिली. संगणकात भरून दिली, मोठ्या ऐटीत. त्यानं आपले दिवस मोजले, आणि भर रोवणीत एकूणएक बाईचं कार्ड बंद केलं. वरून प्रत्येकीच्या मोबाईलवर निरोप धाडला.

त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते, कारण माझा जीव तिच्यापाशीच अडकला होता. ही रोजीनं रोवणीला जाणारी बाई. अक्षरं ती माझ्याजवळ शिकली, याच टेबलावर, केस पिकल्यावर. आधी पेपरातले मथळे, मग लहान मुलांच्या गोष्टी, आणि यंदा पहिल्यांदा तिनं जाड कादंबरी मागितली. "मले मोठ्ठं पायजे," म्हणाली, "लवकर सरत नाई असं." तिच्याकडे मोबाईल नाही. फॉर्मवर लेकाचा नंबर, आणि लेक कुडव्याला दुकानात कामाला. निरोप त्याला गेला. 'आपले सदस्यत्व निलंबित करण्यात आले आहे.' त्यानं घाबरून शेजारणीच्या फोनवर आईला गाठलं, की तू तिथं केलं तरी काय?

दुसऱ्या दिवशी ती काम सोडून आली. प्लास्टिकची घडी उलगडली, कादंबरी टेबलावर ठेवली. मधे धानाचं पातं घातलेलं होतं, खुणेला. अर्ध्याच्या जरा अलीकडे.

"घ्या बाई तुमचं पुस्तक."

"अवं, वाचून तं होऊ दे."

"निलंबित आमचा ग्रामसेवक झाला होता," ती म्हणाली. "पैसे खाल्ले होते त्यानं. मी काय खाल्लं?"

"तू काईच नाई केलं. मशीनचं आहे ते."

"मंग मशीनले सांगा ना तसं. पोरगा म्हणते, या वयात कायले पायजे हे लचांड. बराबर म्हणते." आणि गेली. पाठमोरीला मी दोनदा हाक मारली, तिनं वळूनही पाहिलं नाही.

मी तडक टेबलाशी बसले. पुस्तक जमा करून घेतलं, तरी कार्ड बंदच. मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून पोरगा म्हणतो, "माँजी, आप वेबसाइट पर शिकायत डालिए." शिकायत टाकायला गेले तर ओटीपी. ओटीपी बांधीत.

मग चिडून एकेक बटण दाबत सुटले. दाबता दाबता एक कॅलेंडर उघडलं. सुट्टीचे दिवस निवडा, ते मोजले जाणार नाहीत, असं लिहिलेलं. माझे डोळेच लकाकले! रोवणीपेक्षा मोठी सुट्टी आमच्या गावात कुठली? मी रोवणी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा अख्खा काळ सुट्टी म्हणून रंगवला आणि सेव्ह दाबलं. चाक फिरलं, फिरलं, आणि लाल झालेली कार्डं हिरवी. सगळ्यांची. मी एकटीच खुर्चीत हसले, टाळीसुद्धा वाजवली असेन.

सकाळी पेपर मांडले. कोणी आलं नाही. रोज दार उघडायच्या आधी पायरीवर बसणारे रिटायर गुरुजी, तेही नाहीत. दुपारी अध्यक्षांची गाडी दाराशी थांबली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"काकू, लायब्ररी काऊन बंद केली?"

"बंद? मी तं इथंच बसून राहिली आहे."

त्यांनी मोबाईल समोर धरला. 'ग्रंथालय बंद राहील.' खाली माझ्याच तारखा. साऱ्या गावाला गेलेला निरोप!

"जिल्ह्यातूनही फोन आला मले. म्हणतात, इतकी लांब सुट्टी कोणाले विचारून घेतली? काढून टाका ते आजच्या आज."

"काढलं तं बायांची कार्डं पुन्हा बंद होतात भाऊ."

"मंग काय करता?"

"तुमी सांगा. ओटीपी तुमच्याजवळ राह्यते."

ते डोकं खाजवत गेले. मी त्या चौकोनी डबड्याकडे बघत बसले. उघडी म्हणून सांगितलं तर बाया गुन्हेगार, बंद म्हणून सांगितलं तर मीच नाही गावात.

दिवेलागणीला कुलूप हातात घेतलं तोच ती दारात. डोक्यावर घोंगडी, अंगाला चिखलाचा वास.

"जित्या आहा का बाई?"

"काऊन? काय झालं?"

"लेकाचा फोन होता. लायब्ररी बंद झाली म्हणे. मी म्हटलं, बाई तं तापातही उघडते. मेली-बिली का काय, पाहून तं यावं."

मला हसू आलं. म्हटलं, बैस. तिची कादंबरी काढली, पातं तिथंच होतं. "कार्ड सुरू झालं तुहं. घेऊन जा."

नंबर टाकला. पडद्यावर आलं, आज सुट्टी आहे, पुस्तक देता येणार नाही.

मी टेबलावर हात आपटला. माउस खाली पडला. "तू अशीच घेऊन जा," म्हटलं, "मी पाहून घेईन."

"नोंद नाई तं मी नेत नाई," ती म्हणाली. "एकदा निलंबित झाली, आता चोर होऊ का?" मग तिनं माझ्याकडे, संगणकाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "इथं बसून वाचाले नोंद लागते का?"

नव्हती लागत. एवढं एक त्या वेबसाइटला सुचलेलं नाही अजून.

तिनं घोंगडी दारात झटकली, लुगड्याला हात पुसले आणि दिव्याखालच्या बाकावर बसली. बोट ओळीखाली सरकू लागलं, ओठ हलू लागले. अंधार पडला, आता तरी अध्यक्ष ओटीपी सांगतील म्हणून मी इकडे शिकायत लिहायला घेतली. दोन वाक्यं झाली न झाली तोच तिनं अडलेला शब्द विचारला. उठून गेले, सांगितला. परत येते तर मला बाहेर काढून पडदा पुन्हा पासवर्ड मागत होता.

"बाई," ती मान वर न करता म्हणाली, "उद्या किती वेळ उघडं ठेवता?"

"तुमची रोवणी सुटून तू येशील तोपर्यंत," मी म्हटलं, आणि म्हशीचं नाव टाइप करू लागले.