उजाड डोंगराचा हिरवा

जुन्नरहून मिरच्या घेऊन आलेला गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमचं इब्राहिमभाई गेलं, राव. तापाचं निमित्त झालं." पुण्याच्या पेठेत, भर दुपारी, मी नुसता उभा राहिलो... मिरच्यांचा लाल डोळ्यांत खुपत होता, आणि तो दाखवायला शेजारी इब्राहिम नव्हता.

इब्राहिम जुन्नरच्या कागद करणाऱ्या घराण्यातला, माझ्या बरोबरीचा. गिरणीचा कागद आला, वडिलांचे कागदाच्या लगद्याचे हौद कोरडे पडले, तेव्हा तो मुंबईला एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहिला. मी भेटायला गेलो, तर समुद्र दाखवायचं सोडून मला कापडगिरणीमागच्या नाल्यापाशी घेऊन गेला. रंगखात्याचं पाणी वाहत होतं, घटकेत लाल, घटकेत निळं, आणि काठावर बायका भांडी घासत होत्या. त्यानं फोटो घेतला. कागदावर पाणी काळंच उतरलं. मग बारीक कुंचल्यानं त्यानं त्यात लाल भरला आणि तरी हळहळत राहिला, की हा तो लाल नव्हे.

पुढं जुन्नरला परतून त्यानं फोटोचं दुकान घातलं. तेव्हा आंबेगावच्या वरच्या अंगाला कोळशासाठी रान तुटत होतं. कोळसा शहरांतल्या चुलींना जाई. ठेकेदारानं आपल्या भट्ट्यांचा रंगवलेला फोटो मागितला. मीही सोबत गेलो होतो. धूर, बुंधे, तांबडी माती... तसंच इब्राहिमनं रंगवलं. ठेकेदार म्हणाला, डोंगर हिरवा करून द्या. इब्राहिमनं शांतपणे नकार दिला. ते काम गेलंच, पण त्यानंतर मोठ्या घरची बोलावणीही आटली. फोटो दुकानातच टांगलेला राहिला.

एका बाजारच्या दिवशी तिकडचीच एक म्हातारी दुकानापुढं थबकली. रान गेल्यावर तिचं बिऱ्हाड खाली आलं होतं. तिनं डोंगर ओळखला आणि विचारलं, "पयल्यावानी करून देशील का रं, बाबा?"

मला वाटलं, तिलाही नाहीच म्हणेल. पण भट्ट्यांचा फोटो ज्या काचेवर घेतला होता, त्यानं त्याच काचेवरून नवा फोटो छापला आणि पुढच्या बाजारी तिला शेजारी बसवून घेतलं. हिरडा कुठं, जांभूळ कुठं, ती बोट ठेवून सांगे. रंग फिका वाटला की मान हलवी. संध्याकाळी तो डोंगर पदरात गुंडाळून ती गेली.

"ठेकेदाराला का न्हाई दिलास मग?" मी विचारलं.

कुंचला धूत तो म्हणाला, "त्याला झाकायचं व्हतं. हिला बघायचं व्हतं."

परवा दुकानात गेलो होतो. त्याच्या बायकोनं, अमिनाभाभीनं, तीन भिंतींना चुना दिलाय. बैठकीलगतची चौथी तशीच ठेवलीय, कारण रंग जमला की नाही हे तो तिथं कुंचला टेकवून बघायचा. भिंतभर हिरव्याचे ठिपके... काळपट, पोपटी, पिवळसर. हिरड्याचा कोणता आणि जांभळाचा कोणता, मी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, ते त्यांनाच ठावं व्हतं.

मी बराच वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसलो.