डग्ग्याला लावलेली कणीक

उस्तादांचा डग्गा मांडीत घेऊन मी दत्ताच्या सभामंडपात बसलो होतो आणि त्याची शाई ओल्या कणकेसोबत माझ्या बोटांना लागून निघत होती. तबला जाणणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: डग्ग्याच्या कातड्यावर जो काळा गोल असतो ती शाई. आवाजाचा सगळा जीव तिच्यात. ती गेली की डग्गा म्हणजे नुसती तांब्याची घागर. आमच्या डोणगावात दुसरा डग्गा नव्हता, मेहकरहून आणायचा तर दिवस मावळला असता, आणि समोर खांबाला टेकून उस्तादांच्या बेगम, आमच्या अम्मा, ऐकायला येऊन बसल्या होत्या.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवे नवे होते आणि मी गावच्या शाळेत मास्तर होतो. पण माझी स्वतःची शाळा झाली ती उस्तादांच्या ओसरीवर. हाताने वाजवण्याआधी प्रत्येक बोल तोंडाने म्हणायचा आणि जुन्या कलावंताची बंदिश वाजवण्याआधी त्याचे नाव घेऊन कानाची पाळी धरायची, ही त्यांची शिस्त. कोणी दिल्लीचा, कोणी लखनौचा, कोणी पंजाबचा. ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही, पाहणार नव्हतो, त्यांच्यासाठी वऱ्हाडातली आम्ही माणसे कान धरून बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, मास्तरालाच आज शिक्षा झाली! उस्ताद गेल्यावर दरसाल त्यांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, दत्ताच्या मंदिरात, जिथे ते हयातभर आरतीला साथ करत, त्यांच्याच डग्ग्यावर त्या सगळ्या बंदिशी वाजवायच्या हे व्रत मी घेतले.

त्या वर्षी अम्मा गाव सोडून कायमच्या लेकीकडे औरंगाबादला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "बेटा, जाने से पहले एक बार उनका बायाँ सुना दे." बायाँ म्हणजे डग्गा. उस्तादांचे नाव होते ते त्या डाव्या हातासाठीच. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अम्मा, डोळे मिटून ऐका, तेच बसलेत असं वाटेल." माझा हात तेव्हा तसा चालतही होता, खोटे कशाला सांगू?

घोटाळा केला तो किसनबुवांनी. किसनबुवा आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले, गाईसारखे गरीब. मृदंगाच्या डाव्या तोंडाला दर खेपेस ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो बोलतो. बुवा त्याला मृदंगाला जेवू घालणे म्हणत. बरसीच्या दिवशी पहाटे मंदिर झाडायला आले, मी रात्रीच आणून ठेवलेला डग्गा दिसला, आणि भक्तिभावाने त्यांनी त्याच्यावर कणकेचा जाड गोळा थापला. वर ओले फडके झाकले. दुपारी मी फडके उचलले तेव्हा शाई मऊ होऊन सुटली होती.

"मले काय मालूम, मास्तर!" बुवा रडकुंडीला आले होते. "मृदंगाले लावतो तसी याले लावली. म्हटलं, आज उस्तादाचा दिवस, त्याहीचं वाद्य उपाशी काऊन ठेवाव?"

रागावणार तरी कोणावर? बुवांचे डोळे पाहून माझा संताप ओसरला. पण अम्मांना काय सांगू? मी दत्ताकडे पाहिले आणि मनात सरळ म्हणालो, देवा, हे तुझ्या दारात झाले आहे, तूच निस्तर. माझी अक्कल संपली.

तेवढ्यात मंडपाच्या पायरीवर कोणीतरी जोडे काढले. पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, अंगात स्वच्छ कुर्ता. गावाबाहेर रस्त्याचे काम चालू होते, त्या ठेकेदाराचे हे वडील, मुलाला भेटायला आलेले. मंदिरात आज गाणेबजावणे आहे असे ऐकून आले होते. त्यांनी डग्गा पाहिला, माझे तोंड पाहिले आणि विचारले, "घर में आटा है?"

मी मान डोलावली.

"तो फिर रोना किस बात का? हमारे पंजाब में बायें पर आटा ही लगाते हैं. मेरे दादाजी गुरुद्वारे में ऐसे ही बजाते थे."

मी कान धरून पंजाबच्या वादकांची नावे घेत आलो होतो, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. सरदारजींनी उरलीसुरली शाई खरवडून काढली, कातडे उन्हाला सुकवले. मग बुवांनाच कणीक मळायला सांगितली. बुवांचा चेहरा असा खुलला, की विचारू नका! "पाह्यलं, मास्तर?" एवढेच म्हणाले. सरदारजींनी बोटाने दाबत दाबत पातळ गोल बसवला, थाप मारून पाहिली आणि डग्गा माझ्याकडे सरकवला.

मी कान धरला, नावे घेतली आणि हात टाकला. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. खोल, जड, पोटातून आल्यासारखा. उस्तादांचा हात हुबेहूब काढायचा माझा सारा बेत तिथेच मोडला. डग्गा नेईल तिकडे मी गेलो, आणि इतके मोकळे मी आयुष्यात कधी वाजवले नव्हते.

थांबलो तेव्हा अम्मांच्या गालांवरून पाणी वाहत होते. माझे चुकले असे वाटून मी त्यांच्या पायांशी गेलो. त्यांनी माझा डावा हात दोन्ही हातांत धरला. पंजा कणकेने भरला होता.

"हमारी शादी के बखत उनका बायाँ ऐसाच बोलता था," त्या म्हणाल्या. "उनके उस्ताद पंजाब के थे, आटा लगाते थे. इधर आए तो लोग हँसते थे, तो छोड़ दिए. तेरे को कभी बताए नहीं?"

नव्हते सांगितले. सरदारजी कधी निघून गेले ते कळले नाही, त्यांचे नावही विचारायचे राहिले. ती सारी कृपा कशी घडली याचा हिशेब मी मांडत नाही. वाजवायला बसताना आता मी फक्त दत्ताला नमस्कार करतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो. अम्मांना मी माझे म्हातारे उस्ताद ऐकवणार होतो. दत्ताने त्यांना त्यांचा नवरदेव ऐकवला.