उजव्या खुब्याचं अर्धं वाक्य

आमच्या मँचेस्टरच्या साडूंइतकं बार्बेडोस बेट जगात कोणालाच ठाऊक नसेल. खुद्द बार्बेडोसच्या लोकांनाही नाही. कुठल्या वळणावरचा तळलेला मासा खावा, कुठल्या म्हातारीकडचा मिरचीचा सॉस घ्यावा, कुठल्या किनाऱ्यावर पोहावं आणि कुठे नुसतं बसून राहावं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि एवढं असून त्या बेटावर त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. मुळात समुद्रच त्यांना फारसा मान्य नव्हता. अस्सल नागपूरचा माणूस, मासा म्हटला की नाक मुरडणारा. सत्तावीस वर्षं इंग्लंडात काढून रोज संध्याकाळी सहा वाजता वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड. त्या ताटासमोर बसून हा गृहस्थ उडत्या माशात मसाला कसा भरतात याचं वर्णन करायला लागला की ऐकणाऱ्याने वरणाकडे बघावं की त्यांच्याकडे, हेच कळत नसे.

नात्याने ते माझ्या बायकोच्या, म्हणजे मेधाच्या, मामेबहिणीचे यजमान. धंद्याने भूलतज्ज्ञ, तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात. आमची पहिली भेट गणपतीच्या कार्यक्रमात झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी लंडनजवळच्या वॉटफर्डहून तीन तास गाडी हाकून दमलेला, आणि हे माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, "तोंड उघड पाहू. अजून मोठं." मला वाटलं प्रसाद भरवतायत, म्हणून मी डोळे मिटून आ केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, माझी मान इकडून तिकडे वळवली आणि सुनंदाताईंना, म्हणजे आपल्या बायकोला, हाक मारून सांगितलं, "याची हनुवटी मागे आहे आणि मान आखूड. भूल देताना श्वासाची नळी घालायला फार जड जाईल." प्रत्येक नव्या माणसाला ते असंच तपासतात, हे मला मागाहून कळलं. एखाद्याची मान सोपी निघाली की त्यांना खरा आनंद होतो, आणि अवघड मानेच्या माणसाशी ते जन्मभर जरा सांभाळून वागतात. त्यांच्या घरी गेलं की दारातच प्रश्न येतो, "शेवटचं कधी खाल्लंस?" नवखा माणूस या अगत्याने भारावतो. ते अगत्य नसतं. ती सवय असते, आणि चहा त्यानंतर तासाभराने सुनंदाताईंच्या लक्षात येतो.

आता या माणसाचा बार्बेडोसशी संबंध काय? तर भूल देण्याआधी पेशंटचं मन रमवायचं म्हणून डॉक्टर काहीतरी विचारतात. कोणी हवामानाचं विचारतं, कोणी नातवंडांचं. साडू विचारत, "घरी परत गेलात तर पहिल्यांदा कुठे जेवाल?" आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या माणसाला याहून क्रूर प्रश्न विचारता येणार नाही, पण त्याइतकं मनापासून उत्तरही दुसऱ्या कशाला मिळत नाही. इंग्लिश पेशंट त्यातही हवामानावरच घसरतो, असं साडूंचं मत. पण त्यांच्या हॉस्पिटलात त्या बेटावरून आलेले पुष्कळ लोक असत. ऐन तारुण्यात ते इथे आले, इथल्या बसा चालवल्या, इथले वॉर्ड पुसले, इथल्या रोग्यांना उचललं, आणि आता चाळीस-पन्नास वर्षांनी त्यांचे गुडघे आणि कमरा दुरुस्तीला येत होत्या. हे लोक मात्र प्रश्न ऐकताच खुलत. गल्ली, दुकान, बाईचं नाव, तव्याचा आकार, सगळं सांगत. साडू ऐकत, मान डोलावत आणि औषध सोडत. वाक्य तिथेच तुटे.

ही तुटलेली वाक्यं साडूंनी वर्षानुवर्षं एका वहीत उतरवली. पेशंटचं नाव त्यांनी कधी लिहिलं नाही आणि कधी सांगितलंही नाही. त्या बाबतीत माणूस फार कडक. त्यामुळे वहीतले सगळे जाणकार त्यांच्या ऑपरेशनच्या नावाने राहिले. "डाव्या गुडघ्याचं म्हणणं, शनिवारी जाऊ नका." "पित्ताशय आणि हर्निया यांचं या दुकानावरून पटत नाही." पेशंट शुद्धीवर आल्यावर साडू आवर्जून जाऊन विचारत, "पुढे काय म्हणत होता?" पण त्या माणसाला आपण काही म्हणत होतो हेच आठवत नसे. तो चहा मागे.

दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरात मी आणि मेधाने लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बार्बेडोसला जायचं ठरवलं. त्या महिन्यात तिकिटं एवढी स्वस्त का असतात, याचा मी विचार केला नाही. तो वादळांचा मोसम असतो, हे तिथे उतरल्यावर कळलं. आमचा बेत कळताच साडूंनी मला मँचेस्टरला बोलावून घेतलं. त्यांनी वहीतली निवडक एकवीस ठिकाणं दोन कागदांवर स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवली होती. कागद हातात देताना ते म्हणाले, "बाकीचं काही नाही केलंस तरी चालेल. सतरा नंबर तेवढा पाहून ये."

सतरा नंबरवर लिहिलं होतं: "उजवा खुबा. पूर्व किनाऱ्यावर, टेकडीवरच्या चर्चच्या खाली, दोन ब्रेडफ्रूटच्या झाडांमधलं घर. तिथे मासा खाऊ नका. तिथे फक्त"

"फक्त काय?" मी विचारलं.

"तेच तर," साडू म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसला. सहा वर्षांपूर्वीची एक म्हातारी. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण लगेच मेंदूत गुठळी गेली, नीट शुद्धीवर आलीच नाही आणि तिसऱ्या दिवशी संपली. चौकशी झाली, भुलीचा काही दोष नाही असं लेखी मिळालं. "पण बोलून राहिली होती ना रे ती," साडू म्हणाले. "माझा हात धरून, हसून हसून सांगून राहिली होती. उपाशी होती बिचारी. आणि मी औषध सोडलं. दोन सेकंद थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? आता तिचं शेवटचं वाक्य माझ्यापाशी आहे, आणि तेही अर्धं." मी म्हणालो, तुम्हीच का जात नाही? तर म्हणाले, "कोणी विचारलं, तिला झोपवलं कोणी, तर काय सांगू?" माझ्याआधी त्यांनी तीन ओळखीच्यांना हाच कागद देऊन पाठवलं होतं. तिघेही उन्हाने नुसती नाकाची सालं काढून परत आले होते.

मी अवघड मानेचा माणूस. माझ्यावर त्यांनी हे काम सोपवावं याचं मला ओझं वाटलं, आणि थोडा अभिमानही.

त्या बेटावर आमच्याइतके गोंधळलेले प्रवासी त्यापूर्वी उतरले नसतील. एक तर यादी होती अर्ध्या शतकापूर्वीची. "निळ्या दारापाशी वळा" म्हणावं, तर लोकांनी पन्नास वर्षांत दारं रंगवून घेतलेली. हर्नियाने छातीठोक सांगितलेल्या खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान. पित्ताशयाने सांगितलं होतं की स्टेशनवर उतरून रुळांच्या कडेने चालत जा, म्हणून आम्ही टॅक्सीवाल्याला स्टेशनवर न्यायला सांगितलं. त्याने गाडी थांबवली, मागे वळला आणि आम्हाला नीट पाहून घेतलं. "साहेब," तो म्हणाला, "ती ट्रेन माझ्या जन्माच्या आधी बंद झाली. तुम्हाला हे सांगितलं कोणी?" पित्ताशयाने, असं मला सांगता येईना.

आणि जी ठिकाणं जागेवर होती, तिथे वाक्यं पुरी नव्हती. चार नंबर: "पोहायला यासारखी जागा नाही, मात्र चुकूनही" . त्या सुंदर पाण्याच्या काठी मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाऊण तास उभा होतो. चुकूनही काय? जेवून उतरू नका? एकटे जाऊ नका? आजूबाजूला लहान मुलं डुंबत होती आणि मी घोटाभर पाण्यात उभा राहून प्रत्येक लाटेकडे संशयाने बघत होतो. नऊ नंबर: "सॉस चमचाभर घ्या आणि लगेच" . मेधाने चमचाभर घेतला. लगेच काय करायचं ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. दोन बाटल्या पाणी आणि एक अख्खा ब्रेड संपेपर्यंत ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि बोलायला लागल्यावर जे बोलली ते साडूंबद्दल होतं. फिश केक मात्र झकास होते, हे माप डाव्या गुडघ्याच्या पदरात घालायला हवं.

पूर्व किनाऱ्यावर आम्ही शेवटच्या आदल्या दिवशी गेलो. टेकडीवरची चर्चं आम्ही तीन पाहिली, आणि खाली काहीच सापडलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात साडूंना सांगायची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात मेधा ओरडली, "अरे, नीरफणस!" तिचं आजोळ रत्नागिरीचं. ब्रेडफ्रूट ब्रेडफ्रूट म्हणून आम्ही दिवसभर काय शोधत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. दोन मोठे नीरफणस, मध्ये लाकडी घर, वर चर्च. आम्ही बस थांबवून उतरलो.

ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. मी कागद उलगडला आणि माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं, की मँचेस्टरमधल्या कोणीतरी आम्हाला इथे जेवायला सुचवलं आहे. तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मँचेस्टरला माझी बहीण होती," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. तिकडेच गेली. हाड मोडलं होतं." मेधाने माझा दंड घट्ट धरला. आम्ही पायरीवर बसलो, आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "घाबरली होती का ती? तिच्या मुलाने फोनवर एवढंच सांगितलं की झोपेत गेली. शेवटी काय बोलली, कोणालाच माहीत नाही."

मी सतरा नंबर वाचून दाखवला. साडूंनी मराठीत लिहिलेलं मी इंग्रजीत केलं, शब्द शब्द करून. आणि म्हणालो, घाबरली नव्हती. डॉक्टरांचा हात धरून हसत होती.

"मासा खाऊ नका!" म्हातारी खदखदून हसायला लागली. "आमच्या आईला मासा कधी म्हणजे कधी जमला नाही. सगळ्या गावाला माहीत होतं." हसता हसता ती रडायला लागली, आणि मेधाही. मी नीरफणसाकडे बघत राहिलो. जरा शांत झाल्यावर मी भीत भीत विचारलं, तिथे फक्त काय? तिने खूप विचार केला. नारळाचा ब्रेड असेल, म्हणाली. आई तो फार छान करायची. की "फक्त शनिवारी जा" म्हणणार असेल? कारण भट्टी शनिवारीच लागायची. की "फक्त माझं नाव सांगा"? ती होतीच तशी, सगळ्यांना माझं नाव सांगा म्हणायची. तिलाही ठरवता येईना. निघताना तिने तो कागद मागितला. मराठी अक्षरं तिला वाचता येणार नव्हती, तरी मागितला, आणि मी दिला.

परत आल्यावर मी साडूंसमोर बसून तीनही शक्यता सांगितल्या. त्यांनी त्या पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या आणि एकही पसंत केली नाही, नापसंतही केली नाही. मग मी त्या बहिणीने काय विचारलं ते सांगितलं, आणि कागद तिच्याकडे राहिला तेही. साडूंचं वरण गार होत होतं. "म्हणजे जे मी अर्धं म्हणून घेऊन बसलो होतो," ते हळूच म्हणाले, "ते तिच्यासाठी पुरं होतं. आणि मी सहा वर्षं इथे वहीत ठेवून राहिलो." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या वेळी या माणसाची फार माया आली, पण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही, म्हणून मी त्यांना लिंबाची फोड पुढे केली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी सुनंदाताईंचा फोन आला. "अगं मेधा, यांच्या थिएटरमध्ये हल्ली नुसती बोंब आहे. सर्जन हात धुऊन ताटकळत उभे, आणि हे आपले पेशंटजवळ स्टूल ओढून बसलेले. परवा एका आजोबांनी म्हणे अख्ख्या लग्नाचं जेवण सांगितलं, पंगतीतल्या भांडणासकट. वीस मिनिटं!" वरून तक्रार आली, साडूंनी ती मान खाली घालून ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल ओढलं. वहीत ते आता काही लिहीत नाहीत. पेशंट बोलायचा थांबला की त्याचा हात हातात घेऊन विचारतात, "झालं सगळं सांगून?" त्याने हो म्हटलं की मगच औषध सोडतात.